तीनशेव्या पक्ष्याला पाठ

...आणि वर मला म्हणतात, "काका, क्षितिजाकडे बघा, म्हणजे मळमळणार नाही!" अहो, कुठलं क्षितिज? एका जागी थांबलं तर बघू की! हितं बोटीवर क्षितिज एकदा माझ्या चपलेखाली, एकदा टकलावर, एकदा डावीकडं, आणि मधेच गायब! मी सोलापूरचा माणूस. आमच्याकडं क्षितिज सकाळी उठून एकदा बघितलं की संध्याकाळपर्यंत तितंच असतं, उन्हात तापत पडलेलं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याच्याकडं बघून कधी कुणाला उलटी झाल्याचं ऐकलंय तुम्ही? आणि हे पुण्याचं पोरगं, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा, ते मला क्षितिज शिकवतंय!

तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला मरायला? तुम्हाला सांगतो, दोनशे नव्व्याण्णव! दोनशे नव्व्याण्णववर अडकलेल्या माणसाचं दुःख तुम्हाला कळायचं नाही. दोनशे दहावर असता तर माणूस निवांत झोपतो. पण दोनशे नव्व्याण्णव...

बरं, पहिल्यापासून सांगतो. मी यज्ञेश्वर. शुक्रवार पेठेत राहतो, एका शाळेत एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो, आणि पक्षी बघतो. म्हणजे नुसता बघत नाही, नोंद ठेवतो. बघतात काय हो, गुरंसुद्धा बघतात. मी वहीत लिहितो. तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदाराची सही. आमचं पेठेतलं पक्षी निरीक्षक मंडळ आहे, चौदा सभासद, त्यातले अकरा चहापुरते. उरले तीन. एक मी, एक समोरच्या घरात राहणारा पंचाक्षरी मास्तर, आणि तिसरा कोण ते शेवटी सांगतो, कारण ते मलाही शेवटीच कळलं.

हा पंचाक्षरी मूळचा अक्कलकोटकडचा, आमच्याच शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. माझा जिवलग मित्र. आणि त्याच्याइतका माझा जीव दुसऱ्या कुणी खाल्ला नाही. माझे पन्नास झाले की पंधरा दिवसांत त्याचे पन्नास. मी शंभर, तो शंभर. मी नान्नजच्या माळावर धाविक बघितला, की दुसऱ्या रविवारी हा टोपी घालून नान्नजला! आणि आता दोघंही कुठं? दोनशे नव्व्याण्णव! तोही, मीही. दोन वर्षं झाली. समोरासमोर घरं, दोघांच्या गच्चीवर दोघं दुर्बिणी घेऊन. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं बघतोय, आणि बाया धुणं वाळत घालायला यायच्या बंद झाल्या.

यात एवढं काय आहे? सांगतो. मंडळाचा एक बोर्ड आहे. पंचाक्षरीनंच रंगवलाय. त्यावर झोकदार अक्षरात लिहिलंय, 'मंडळाचे पहिले त्रिशतकवीर', आणि खाली जागा मोकळी. सहा वर्षं मोकळी! पक्षी सप्ताहात तो बोर्ड हारबीर घालून मांडतात, आणि लोक मोकळ्या जागेला नमस्कार करून जातात. आता माझं ऐका. एकतीस वर्षं शाळेत मी बोर्ड बनवून घेतले. मुख्याध्यापकांचा बोर्ड, देणगीदारांचा बोर्ड, दहावीत पहिल्या आलेल्यांचा बोर्ड. सगळ्यांची नावं मी टाईप केली, मी तपासली, वेलांट्या मी सुधारल्या. माझं नाव? एकाही बोर्डावर नाही! क्लार्कचं नाव कोण लावतो हो? म्हणून मला ती मोकळी जागा पाहिजे होती. एक दिवस पट्टी घेऊन मोजून आलो, 'यज्ञेश्वर' बरोब्बर बसतं. नंतर कळलं, पंचाक्षरीनं 'पंचाक्षरी' बसेल असं मोजूनच जागा सोडली होती. इतका बनेल माणूस!

तर दोनशे नव्व्याण्णव. जमिनीवरचं सगळं संपलं. रोहित झाले, माळढोक झाला, वेळापूरच्या देवळामागं घुबड झालं, शेवटचा लाल डोक्याचा ससाणा केमच्या स्टेशनाबाहेर तारेवर मिळाला, तोही हिच्या माहेरी जाताना. ही म्हणजे यशोदा, आमची मंडळी. तिला पक्ष्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. पण ती प्रत्येक वेळी बरोबर असते, कारण स्कूटर ती चालवते. आधी मी चालवत होतो, ही मागं डबा धरून, पण मला मान वर करून बघायची सवय, दोनदा खड्ड्यात गेलो, तिसऱ्यांदा कोतवालाच्या नादात एका हवालदाराच्या अंगावर गेलो. तेव्हापासनं हॅण्डल तिच्याकडं, दुर्बीण माझ्याकडं, डबा दोघांच्या मधे. आणि अधनंमधनं म्हणते, "अहो, ते काय बसलंय बघा." मग मी बघतो, ओळखतो, वहीत लिहितो. ओळखणं महत्त्वाचं! नुसतं दिसण्यात काय आहे?

मग कळलं की मालवणहून एक बोट सुटते. किनाऱ्यापासनं लांब, पार खोल समुद्रात, जिथं जन्मात जमिनीवर न येणारे पक्षी दिसतात. डॉल्फिन दिसतात. नशीब असलं तर देवमासा. चालवणार कोण? उत्कर्षा मॅडम, समुद्री पक्ष्यांवर डॉक्टरेट. मे महिन्याचा शेवटचा रविवार आणि सोमवार, दोन फेऱ्या, मग बोटी बंद. मी फोनवर विचारलं, "मॅडम, एक तरी नवीन पक्षी नक्की?" त्या म्हणाल्या, "काका, एक? तुम्ही डोळे उघडे ठेवा फक्त."

डोळे उघडे ठेवा फक्त! हे वाक्य ध्यानात ठेवा.

आता अडचण एकच, पाणी. आमच्याकडं नळाला पाणी पाचव्या दिवशी. सोलापूरचा माणूस साखरपुडा पुढं ढकलेल, पाण्याची पाळी चुकवायचा नाही. आणि आमची पाळी नेमकी सोमवारी! शेजारी सगळे गावाला. राहिला कोण? पंचाक्षरी. त्याला चावी दिली. कुठं चाललोय ते सांगितलं नाही, मेव्हण्याकडं जातो म्हटलं. तो म्हणाला, "जा बे, निवांत जा. तुझी टाकी मी भरतो. गच्चीवर जाऊन झाकण लावून येतो, काळजी करू नको." असा प्रेमळ! मी मनात म्हटलं, गड्या, टाकी तू भर, बोर्ड मी भरतो.

रविवारी उजाडायला बोट सुटली. चौदा जण, सगळे पुण्या-मुंबईचे, सगळ्यांच्या अंगावर खिशांचे कोट. मी आणि यशोदा, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मी म्हटलं, चार घास खाऊन घेऊ, रिकाम्या पोटी समुद्र बाधतो. कुणी सांगितलं होतं मला हे? कुणीही नाही! माझ्याच डोक्यातनं आलं! दोन भाकरी, वाटीभर चटणी, वर दही. बोटीचा तांडेल म्हणाला, "काका, भिया नकात. दर्या आज एकदम शांत आसा, तेलासारखो." तेलासारखा! अहो, मग ते तेल तापलेलं होतं, आणि मी त्यातली भजी.

अर्ध्या तासात माझं पोट आणि बोट यांचं पटेनासं झालं. बोट वर गेली की पोट खाली, बोट खाली आली की पोट घशात. त्यात त्या लोकांनी एक बादली उघडली. काय होतं म्हणता त्यात? माशांची आतडी, माशांचं तेल, सडवलेलं! म्हणे, याच्या वासानं पक्षी येतात. आमच्या सात पिढ्यांत माशाचा वास घरात आला नाही हो! माझ्या नाकानं जी हाय खाल्ली... मी धावत जाऊन कठडा धरला, आणि तुम्हाला सांगतो, भाकरी गेली, चटणी गेली, दही गेलं, आदल्या दिवशीचा मिरजेतला चहा गेला, मला वाटलं आता नोकरीत खाल्लेलं पण बाहेर येतंय. तांडेल ओरडतोय, "काका, वाऱ्याकडे तोंड करू नकात!" आता मला काय माहीत वारा कुठनं येतोय? आला अंगावर, मग कळलं!

आणि यशोदा? मस्त! बाकावर पाय मुडपून बसलीय, पदर खोचलाय, हातात लिंबू, आणि उत्कर्षा मॅडमना चटणीची रीत सांगतीय. मी म्हटलं, "अगं, तुला काहीच होत नाही का?" म्हणाली, "मला कशाला काय होईल? माहेरच्या एस्टीत मागच्या सीटवर बसून जन्म गेला माझा. त्यापुढं हे म्हणजे पाळणा." तांडेल खूश, म्हणतो, "काकी पक्क्या दर्यावर्दी आसत!" सोलापूरची बाई, पाचव्या दिवशी पाणी बघणारी, दर्यावर्दी!

एवढ्यात डॉल्फिन आले. सगळे डाव्या बाजूला धावले, मी उजव्या कठड्याला. मग सुरय पक्षी आला, तो यादीत आधीच होता, तरी मी कठड्याला. देवमासा! वीस-पंचवीस फूट उंच फवारा उडाला म्हणे. यशोदा म्हणाली, "अहो, बघा तरी, गावजेवणाच्या कढईएवढं डोकं आहे त्याचं!" मी हातानंच सांगितलं, माझ्या वतीनं तूच बघ. देवमाशाचं मला काही नव्हतं हो. तो पक्षी नाही, यादीत धरत नाहीत. माझं सगळं लक्ष... म्हणजे जेवढं शिल्लक होतं तेवढं लक्ष... तीनशेव्याकडं. दोनशे नव्व्याण्णव, आणि हा देह पडण्याआधी एक. एवढंच मागणं होतं सिद्धेश्वराकडं.

आणि दहा वाजता आला! कसा आला ऐका. माझ्या पोटातलं जे जे समुद्रात पडत होतं, त्यावर बारकी मासळी जमली. शेंगाची चटणी त्यांनी कुठं खाल्लीय जन्मात? हा लोंढा! आणि त्या मासळीवर वरनं एक पक्षी घिरट्या घालायला लागला. मास्क्ड बूबी! बदकापेक्षा मोठा, पांढराशुभ्र, आणि तोंडाला काळा मास्क लावल्यासारखा. उत्कर्षा मॅडम किंचाळल्या, "काका, बूबी! तुमच्या समोर! काका, समोर बघा!" सगळ्या बोटीनं ओरडायला सुरुवात केली, "काका, समोर!" आणि त्या पक्ष्यानं पंख मिटले, आणि वरनं सरळ सूर मारला. कुठं? माझ्या नाकापासनं चार हातांवर! धप्पकन! माझ्या टकलावर पाणी उडालं! मासा घेऊन वर आला, माझ्या कानापासनं पंखांचा वारा घालत गेला, यशोदा बोट दाखवून म्हणतीय, "अहो, बघा, बघा, बघा!"

आणि मी?

आता मला सांगा, उलटी करताना कुणाचे डोळे उघडे असतात? दाखवा करून! एक माणूस दाखवा! अहो, देवानं रचनाच अशी केलीय, वरचं दार उघडलं की खिडक्या बंद! मी डोळे उघडले तेव्हा समोर नुसता समुद्र, आणि सगळे टाळ्या वाजवतायत. मॅडम म्हणतायत, "थँक यू काका! आमच्या बादलीला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

मी म्हटलं, मॅडम, शिंतोडे उडाले माझ्यावर! वारा लागला मला पंखांचा! हे धरता येणार नाही का? आणि म्हणतानाच जीभ चावली. कारण मंडळाची नियमावली कुणी टाईप केलीय? मीच. नियम पहिला : पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असावा. पंचाक्षरीनं एकदा नुसता आवाज ऐकून पावशा धरला होता, तो खोडायला मीच घातलेला नियम! दोनशे नव्व्याण्णव. गेलो तसा राहिलो.

संध्याकाळी वारं सुटलं, सोमवारची फेरी रद्द. म्हणजे दुसरी संधी पण गेली. सकाळच्या एस्टीनं परत निघालो. मिरजेच्या स्टँडवर उतरलो तर फोन. पंचाक्षरी. "यज्ञ्या, बे, टाकी भरली."

"बरं झालं."

"झाकण लावायला गच्चीवर गेलो होतो."

"बरं."

"यप्पो, यज्ञ्या... तुझ्या टाकीवर बसलाय बे. पांढरा. हा एवढा. तोंडाला काळा मास्क."

तुम्हाला सांगतो, मी स्टँडवर खाली बसलो. फतकल मारून! वादळी वाऱ्यानं समुद्रातले पक्षी कधीकधी लांब आत येऊन पडतात, हे मला माहीत होतं. पण त्याला सगळा महाराष्ट्र सोडून शुक्रवार पेठ सापडावी? पेठेत माझीच गच्ची? माझी टाकी? तोच होता हो तो, माझी शपथ! काल त्यानं माझी चटणी खाल्ली, आणि माझ्या मागोमाग निघाला, आणि माझ्या आधी पोचला, कारण त्याला मिरजेला गाडी बदलायची नव्हती. आणि मी तीन जिल्हे तुडवत त्याला बघायला पाण्यात!

मी म्हटलं, "पंचाक्षऱ्या, त्याला हलू देऊ नको, मी आलोच." तो म्हणाला, "अरे, दमलाय बिचारा, वनखात्याला फोन केला मी, गाडी निघालीय." आम्ही घरी पोचेपर्यंत नेला त्याला पेटीतनं. मी म्हटलं, तिथं जाऊन बघतो! तर पंचाक्षरी शांतपणे म्हणतो, "नियम तिसरा, पिंजऱ्यातला पक्षी धरू नये." तोही मीच टाईप केलेला! मी म्हटलं, "टाकी माझी, पाणी माझं, पाळी माझी!" तर म्हणतो, "नियम सहावा, पक्षी कुणाच्या हद्दीत आहे यास महत्त्व नाही." अहो, हा नियम मी त्याच्या लिंबावरचा शिक्रा पळवला तेव्हा घातला होता! माणसानं टायपिंग शिकू नये बघा.

मंगळवारी मंडळाची सभा. शाळेचा ड्रॉइंगचा वर्ग, भिंतीला बोर्ड टेकवलेला, शेजारी लाल रंगाचा डबा उघडा, आणि पंचाक्षरी हातात ब्रश घेऊन. चौदाच्या चौदा हजर, कारण पेढे होते. मला साक्षीदार म्हणून सही करायची होती. त्याच्या वहीत, तीनशेव्या नोंदीवर, माझी सही! हात उचलेना हो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. साठी उलटलेला माणूस मी, एका बोर्डासाठी रडतोय, माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात मागच्या बाकावरनं आवाज आला, "भावजी, जरा थांबा की."

यशोदा! चहाची किटली खाली ठेवून उभी राहिली. म्हणाली, "तुमचा पक्षी कधी दिसला?" पंचाक्षरी म्हणाला, "सोमवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं." ती म्हणाली, "मला रविवारी दिसला. दहा वाजता."

पंचाक्षरी हसला. म्हणाला, "वहिनी, दिसला असेल, पण त्याच्या आधी दोनशे नव्व्याण्णव लागतात."

ती म्हणाली, "मग यांची वही काढा. त्यातला एक तरी पक्षी सांगा, जो यांना दिसला आणि मला नाही."

मी वही उघडली. पान उलटतोय, उलटतोय... रोहित, ती होती. धाविक, ती होती, तिनंच स्कूटर थांबवली. वेळापूरचं घुबड, "अहो, ते काय बसलंय बघा." केमचा ससाणा, "अहो, ते काय बसलंय बघा." दोनशे नव्व्याण्णव पक्षी, तुम्हाला सांगतो, आणि दोनशे नव्व्याण्णव वेळा ही माझ्याबरोबर! आणि निम्म्या वेळा माझ्या आधी! मी म्हटलं, "अगं, पण तुला नावं कुठं येतात?" तर तिथं उभ्या उभ्या घडाघडा म्हणायला लागली, पहिल्यापासनं. एकशे चाळीसाव्यापाशी मीच हात जोडले.

एक चहापुरता सभासद म्हणाला, "पण वहिनी सभासद कुठं आहेत?" मी डोळे मिटले, कारण पुढचं मला पाठ होतं. नियम नववा : सभासदाचे कुटुंबीय हे सभासदच समजावेत. मंडळाच्या जीपमधे हिला जागा मिळावी म्हणून घातला होता. डबा कुणी धरायचा नाहीतर? तर मंडळातला तो तिसरा खरा सभासद म्हणजे हीच!

"पुरावा?" पंचाक्षरी म्हणाला, पण आवाजातला दम गेला होता. यशोदानं फोन काढला. उत्कर्षा मॅडमचा फोटो. डाव्या हाताला बूबी, सूर मारताना, काळा मास्क स्वच्छ दिसतोय. उजव्या हाताला यशोदा, बोट दाखवतीय, नजर बरोब्बर पक्ष्यावर. आणि मधोमध कठड्यावर ओणवा एक माणूस, डोळे गच्च मिटलेले. तारीख, वेळ, सगळं खाली छापलेलं.

पंचाक्षरीनं पाच मिनिटं फोटो बघितला. मग बोर्डापाशी गेला, ब्रश बुडवला, आणि रंगवलं, 'सौ. यशोदा'. बसलं बघा बरोब्बर! ती म्हणाली, "सौ. कशाला? नुसतं यशोदा लिहा." मग त्यानं ते पुसून परत लिहिलं. साक्षीदार म्हणून खाली सही कुणाची? माझी. ज्याचे डोळे मिटलेले होते त्याची.

घरी येताना पंचाक्षरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एनप्पा, यज्ञ्या, आपण दोघं बसलो बे गच्चीवर एकमेकांकडं बघत." मला वाईट वाटलं, आणि तुम्हाला म्हणून सांगतो, बरंही वाटलं जरा. पण हे हिला सांगू नका, आधीच तिनं नवी वही आणलीय. स्वतःची.

आणि आता ऑक्टोबरला परत बोट आहे. उत्कर्षा मॅडमचा फोन आला, हिलाच, मला नाही. ही म्हणाली, "अहो, चला, पिशवी भरा." मी हात जोडले. म्हटलं, "बाई, तू जा, तू दर्यावर्दी. मी हितं राहतो, पाण्याची पाळी आहे, टाकी भरतो. माझं तिथं काय काम?"

तर डब्यात भाकऱ्या भरता भरता म्हणते कशी, "तुमचंच तर काम आहे. मॅडमनी बजावून सांगितलंय, या खेपेला बादली आणणार नाही म्हणाल्या, काकांना आणा. चटणी जास्त घेतलीय मी."